गळकी शिवण, स्टॅम्प सतरा

मंगळवार, ४ मार्च

ताई,

दाजींनी फोनवर सांगितलं की तू फोनवर येणार नाहीस, पण पत्र आलं तर वाचशील. "वाचेल. बोलायचं नाही म्हणते," एवढंच म्हणाले. मग आवाज खाली आणून, "लवकर लिही रे, नाहीतर तेही बंद होईल." तर लिहितोय. अक्षर तसंच आहे, कोंबडीचे पाय. तू म्हणायचीस ना, ह्याच्या रिपोर्टला दुभाषा लागतो.

आई बरी आहे. जिना चढताना मधल्या पायरीवर बसते आणि जिन्यालाच शिव्या देते. तुझं नाव निघालं की अजून तेच, "पोरीला मिजास फार होती." मी जेवत राहतो.

माझी बातमी म्हणजे, मी आता चाचणी विभागाचा प्रमुख आहे. दिवाळं निघालं कंपनीचं, म्हणशील तू. कोपऱ्यातली काचेची खोली मला मिळाली. पंख्याचा आवाज पंपापेक्षा मोठा. पण दारावर पाटी आहे.

आता मुद्दा. काल टपालात एक कागद आला. दुधाच्या टाक्या बनवतात ना, तो कारखाना. तू तिथे वेल्डरच्या जागेसाठी अर्ज केलायस हे मला त्या कागदावरून कळलं. हाताची परीक्षा तू दिलीस, त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलंय. फक्त आमच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं हवीयत. तुझा वेल्डरचा स्टॅम्प का जमा झाला. दोष सिद्ध झाला होता का. आम्ही तुला परत कामावर घेऊ का. उत्तर कागदावर, सही-शिक्क्यानिशी, वीस तारखेच्या आत.

आणि उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलंय. बघ कसं असतं.

काळजी करू नकोस. मी सांभाळून लिहितो. 'वेल्डिंगची एक शिवण सदोष निघाली, बाकी काम उत्तम' असं काहीतरी. साहेबांपर्यंत जाऊच देत नाही. शेवटी आपलं माणूस आहे. हात कुणाचाही चुकतो. जे झालं ते झालं.

लोखंडी गेटांच्या कामात जीव रमतो का तुझा? दाजी म्हणत होते, तू रेलिंगच्या जोडालाही भिंग लावून बघतेस आणि गिऱ्हाईक हसतं.

उत्तर दे.

तुझा
बारक्या

सोमवार, १० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. अख्ख्या पानावर दीड ओळ. 'मेहरबानी नको. तुकडा कपाटात आहे ना? तपास.'

तुकडा कपाटात आहे हे तुला कुणी सांगितलं? आमच्यातलंच कुणीतरी असणार. असू दे. हो, आहे. शिकाऊ बॅच बसते त्या टेबलामागे काचेचं कपाट आहे, वरून दुसऱ्या फळीवर. व्हॅक्यूम चेंबरच्या डोक्यावरची ती नळी आपण बुडाशी गोल कापून काढली होती, तुझ्या शिवणीसकट. तशीच ठेवलीय. खाली ताटलीएवढा पत्रा, त्यावर वीतभर नळी उभी, नळीच्या तोंडाशी फ्लॅंजची जाड चकती. शिवणीशेजारी ठोकलेला तुझा नंबर अजून चकचकीत आहे. साहेबांनी चिठ्ठी लावलीय. गळकी शिवण, स्टॅम्प सतरा.

'आपण' कापून काढली असं लिहिलं वर. तू नव्हतीस कापायला. तू ग्राइंडरला हातच लावला नाहीस.

हे पण सांगून टाकतो, कुणीतरी सांगितलंच असेल. दर सहा महिन्यांनी नवी बॅच येते तेव्हा तो तुकडा हातात घेऊन मीच शिकवतो. म्हणतो, हे बघा, आतली हवा उपसायची आणि बाहेरून हेलियमचा फवारा मारायचा. कुठे केसाएवढं भोक असलं तरी हेलियम आत शिरतो आणि डिटेक्टर ओरडतो. हेलियम हलका, वर चढतो. म्हणून फवारा नेहमी वरून सुरू करायचा आणि खाली यायचं. खालून सुरू केलात तर गॅस वर चढणार, आणि वरच्या भोकाचं पाप खालच्या शिवणीवर जाणार. पोरं हे वाक्य लिहून घेतात. मग मी तुकडा फिरवतो. सगळे बोट फिरवून बघतात.

असो.

तपासणं एवढं सोपं नाही. दोन्ही तोंडं बंद करायला जाड रबराच्या चकत्या लागतील. डिटेक्टर ह्या आठवड्यात रिकामा नाही. आणि तीन वर्षं शंभर हातांनी चोळलेला तुकडा, तेल, घाम, काय काय भरलेलं असणार. निकाल कसाही आला तरी त्याचा अर्थ काय काढायचा?

शिवाय त्या दिवशी सगळ्यांसमोर झालं होतं ना. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर उभा होता. डिटेक्टर ओरडला, मी लिहिलं, शिवण क्रमांक सात, म्हणजे तुझी. तू म्हणालीस, "माझी शिवण गळत नाही." साहेब म्हणाले, कापून परत मार. तू म्हणालीस, "चांगली शिवण मी कापणार नाही, पगार कापा." लोक हसले. साहेब नाही हसले. मग दुसऱ्याने नळी कापली, नवी बसवली, आणि गळती गेली. गेलीच ना? काटा शून्याला टेकला. साहेब तुझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोला." तू खिशातून स्टॅम्प काढून टेबलावर ठेवलास आणि डबा घेऊन गेलीस.

मी काय करायला हवं होतं?

बघतो. ह्या आठवड्यात जमलं तर तपासतो.

बारक्या

शुक्रवार, १४ मार्च. रीडिंगच्या वहीचं मागचं पान फाडून

ताई,

तपासतोय. मशीनशेजारीच बसून लिहितो, म्हणजे नंतर शब्द सजवले असं तुला वाटायला नको.

९:२०. तुकडा काल अल्कोहोलने धुतला आणि भट्टीत वाळवला. रात्रभर तिथेच होता. ओल राहिली तर तीच भोक बुजवते आणि गळकी वस्तू चांगली दिसते. तूच शिकवलेलं. चिठ्ठी काढून खिशात ठेवली.

९:५०. दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या, मध्ये लांब बोल्ट, एका चकतीतून पंपाची नळी, आवळलं. पंप चालू.

१०:३५. हवा नीट उपसली जातेय. माझी अपेक्षा होती की आता कुठेतरी अडेल. अडलं नाही.

१०:५०. फवारा. वरून. फ्लॅंजच्या खालचा जोड, मग नळी, मग तुझी शिवण. एक फेरी, इंच इंच. काटा ढिम्म.

११:१०. दुसरी फेरी. ढिम्म. तुझी शिवण इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. एकावर एक नाणी कलती ठेवावीत तशी. एकही नाणं पुढेमागे नाही.

११:३०. आता शेवटची परीक्षा. पूर्ण तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी हेलियमने भरली. दहा मिनिटं थांबायचं.

११:३७. काटा हलला.

११:३८. हळूहळू चढतोय.

११:४५. लिहायचं थांबलो होतो. ताई, आता जे लिहितोय ते तुला लिहिलं नाही तर कुणालाच लिहिणार नाही. काटा हलला तेव्हा मला बरं वाटलं. छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं. वाटलं, गळतेय. गळतेय, म्हणजे मी सुटलो.

११:५०. पण भोक असलं तर काटा उडी मारतो. हा रांगत होता. रबर. हेलियम जाड रबरातूनही पाझरतो, वेळ दिला की. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी सांगतो. पिशवी काढली, चकत्यांवर टेप मारली, फक्त शिवणीभोवती छोटी पिशवी बांधली, परत हेलियम.

१२:२०. शून्य.

१२:४०. शून्य. जेवायची घंटा झाली. सगळे गेले. मी इथेच आहे.

तुझी शिवण गळत नाही. तेव्हाही गळत नव्हती.

बारक्या

शनिवार, १५ मार्च

ताई,

कालचं पत्र टाकून घरी आलो आणि लक्षात आलं की मी अजून खोटंच बोलतोय. तपासून कळल्यासारखं लिहिलंय सगळं. जसं काही काल कळलं.

मला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं.

नळीच्या तोंडाशी जी फ्लॅंज होती, तिच्यात तांब्याची रिंग बसते. आवळली की फ्लॅंजची धार तांब्यात रुतते आणि जोड बंद होतो. एक रिंग एकदाच. खोलली की फेकायची. त्या आठवड्यात भांडारात त्या मापाच्या रिंगा संपल्या होत्या, नव्या यायला चार दिवस होते, आणि इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी जुनी रिंग उलटी करून लावली. सगळे कधी ना कधी करतात असं. दहातल्या सात वेळा टिकते.

सकाळी हवा उपसली, दाब खाली जाईना. मला तिथेच कळलं की रिंग असणार. इन्स्पेक्टर माझ्या मागे उभा. साहेब त्याच्या मागे. फवारा माझ्या हातात. नियम काय, वरून. वर म्हणजे फ्लॅंज. मी शिवणीवर मारला.

चूक झाली नाही, ताई. मी खालून सुरू केलं कारण मला वर बघायचं नव्हतं. डिटेक्टर ओरडला, पण चार सेकंदांनी. शिवणीत भोक असतं तर लगेच ओरडला असता. ते चार सेकंद म्हणजे गॅस वीतभर वर चढायला लागलेला वेळ. मी मोजले. तरी लिहिलं, शिवण क्रमांक सात.

आणि मग तू आलीस, मास्क डोक्यावर सरकवलेला, आणि सगळ्यांच्या देखत मला एकच प्रश्न विचारलास. रागावून नाही. शाळेतून आल्यावर विचारायचीस ना, "खाल्लंस का?", तशी.

"बारक्या, गॅस वरून मारलास ना?"

मी म्हणालो, "हो, वरूनच."

तू इन्स्पेक्टरकडे वळून म्हणालीस, "मग परत तपासा, मशीन बिघडलंय." तुला मशीन खोटं वाटलं. मी नाही.

नंतर नवी नळी बसवताना फ्लॅंज खोलावीच लागली. मीच खोलली. जुन्या रिंगेवर धारेची दोन वर्तुळं होती, एकाला एक खेटून, आणि एका जागी एकमेकांना छेदणारी. गळत होतं ते तिथूनच. रिंग खिशात टाकली, घरी जाताना पुलावरून पाण्यात. नवी नळी, आणि तिच्यासोबत नवी रिंग. त्यामुळे गळती गेली, आणि सगळ्यांना वाटलं शिवण बदलल्याने गेली.

तू डबा घेऊन निघालीस तेव्हा मी गेटपर्यंत आलो होतो. तुला वाटलं समजूत काढायला आलोय. तू म्हणालीस, "जा, तुझी नोकरी नवीन आहे, लोक बघतायत." मी गेलो.

पुढच्या वर्षी बढती मिळाली. 'स्वतःच्या बहिणीचीही चूक लपवली नाही' असं साहेब माझ्याबद्दल इन्स्पेक्टरला सांगायचे. मी मान खाली घालायचो. लोकांना ते दुःख वाटायचं.

त्या कारखान्याला खरं लिहायचं ठरवलंय. शिक्का माझ्याच खणात आहे. पण साहेबांच्या कानावर घालून मग पाठवलेलं बरं. ते दौऱ्यावर आहेत, बुधवारी येतील. वीस तारखेला वेळ आहे.

बारक्या

शुक्रवार, २१ मार्च

ताई,

तुझं काहीच आलं नाही. मीही वाट बघत नव्हतो, असं म्हणतो.

साहेब परवा आले. तुकडा आणि रिपोर्ट घेऊन गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं.

"शिवण गळत नाही म्हणजे?"

"म्हणजे चांगली होती साहेब. तेव्हाही."

"मग गळत काय होतं?"

"रिंग. जुनी लावली होती मी. आणि फवारा खालून मारला."

साहेबांनी तुकडा हातात फिरवून बघितला. मग उठून दार लावलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. ताईला. आता तुम्हाला."

"मग तिघांतच राहू दे. त्यांना लिही, 'स्वतःहून सोडून गेल्या.' खोटं नाही ना ते? गेलीच ती स्वतःहून. तिचं काम होईल, तुझंही राहील."

"त्यांनी विचारलंय दोष सिद्ध झाला होता का."

"अरे बाबा, तुझ्या सहीने ह्या तीन वर्षांत किती चेंबर बाहेर गेलेत? उद्या प्रत्येक गिऱ्हाईक विचारेल, आमच्यात कसली रिंग आहे? काय सांगू? मुलाचं मन खायला लागलं होतं म्हणून सांगू?"

ते म्हणाले, "दोन दिवस विचार कर. मोठा हो जरा."

दोन दिवस विचार केला. विचार कसला, भीती. दोन कागद तयार होते. एकावर 'स्वतःहून सोडून गेल्या'. त्याने तुझं काम झालंही असतं कदाचित. पण तिथे गेल्यावरही तू 'ती गळकी शिवणवाली' राहिली असतीस. आणि मी प्रमुख. काल वीस तारीख होती. काल दिवसभर दोन्ही कागद खणात होते.

आज सकाळी दुसरा पाठवला. त्यात लिहिलंय,

'स्टॅम्प क्रमांक सतराच्या शिवणीत दोष नव्हता. गळती फ्लॅंजमधून होती. वापरलेली रिंग मी पुन्हा लावली होती आणि चाचणी नियम सोडून खालून सुरू केली. वेल्डरने त्याच वेळी योग्य शंका विचारली होती, तिला मी खोटं उत्तर दिलं. तुकड्याच्या फेरचाचणीचा रिपोर्ट जोडला आहे. त्यांना परत घ्यायचं की नाही हा प्रश्न त्यांना विचारावा, आम्हाला नाही.'

खाली सही, शिक्का. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. रिपोर्टला पहिल्यांदाच दुभाषा लागणार नाही, एवढं सुवाच्य लिहिलंय.

एक दिवस उशीर झालाय. एका दिवसाने काय होतंय, सोमवारी पोचेल.

बारक्या

गुरुवार, २७ मार्च

ताई,

तुला त्यांच्याकडून कळलंच असेल. सोमवारी मी स्वतः फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "पत्र आजच मिळालं. वीस तारखेपर्यंत वाट पाहिली आम्ही, एकवीसला दुसऱ्यांना घेतलं." मी म्हणालो, पत्र वाचलंत का? म्हणाल्या, "वाचलं. त्यांच्या फायलीला लावलंय. पुढे कधी जागा निघाली तर." कधी निघेल? "सांगता येत नाही हो. वेल्डर लोक आमच्याकडे आले की जात नाहीत."

म्हणजे तुझी शिवण चांगली आहे हे सिद्ध व्हायला तीन वर्षं लागली, आणि तुझी जागा जायला माझा एक दिवस. चौदा तारखेला दुपारीच माझ्याकडे रिपोर्ट होता. शिक्का खणात होता. कुणाला विचारायची गरज नव्हती. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ होती. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी करावं लागेल, आणि मी तुझ्यासाठी आणखी काम काढून ठेवणार नाही.

साहेबांनी मला काढलं नाही. धुलाईला टाकलं. चेंबरचे सुटे भाग गरम साबणाच्या पाण्यात घासायचे, मग साध्या पाण्यात, मग वाळत. कोपरापर्यंत हातमोजे. कुणी टाकून बोलत नाही, हे जास्त लागतं. कपाटातली चिठ्ठी परत लागली नाही, तेवढी जागा रिकामी आहे. तुकडा साहेबांच्या खोलीत आहे, कागदांवर ठेवायला.

काल आईला सांगितलं. ती वाळलेले कपडे घडी करत होती. सगळं सांगितलं, रिंग, पूल, चार सेकंद. तिला हेलियम म्हणजे काय कळलं नसेल असं वाटून मी परत समजावू लागलो. तिने हात वर केला.

"कळलं. पोरीने विचारलं तेव्हा तू खोटं बोललास?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"आणि मी तीन वर्षं तिलाच बोलले. तुझ्या देखत. आणि तू जेवत होतास."

मी म्हणालो, आई.

"काही म्हणू नकोस."

तिने राहिलेले कपडे घडी केले. माझे एका बाजूला ठेवले, तिचे दुसऱ्या. मग तिचे उचलून पिशवीत भरले. मला वाटलं, कपाटात ठेवायला नेतेय. म्हणाली, "तिच्या गावाची बस कधी असते?"

"शनिवारी आहे सकाळी. मी येतो सोबत."

"तू कशाला?"

तर ती शनिवारी निघतेय, म्हणून हे पत्र स्पीडपोस्टने टाकतोय, उद्या पोचेल. गाडी दुपारी चारच्या सुमाराला पोचते. दाजींना स्टँडवर उभं राहायला सांग, पायऱ्या उतरताना हात द्यावा लागतो, आणि आधी विचारायचं नाही, विचारलं की ती नको म्हणते. डोळ्यांत घालायचं औषध पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. रात्री एक थेंब, डावीकडे. ती दोन घालते, लक्ष ठेव. तुझ्याकडे खालच्या मजल्यावर झोपायची सोय असली तर बरं.

आज तिला घेऊन स्टँडवर तिकीट काढायला गेलो होतो. खिडकीत वाकून मी जाण्यायेण्याचं मागितलं. तिने मागून माझा शर्ट ओढला, मला बाजूला केलं आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाली, "फक्त जायचं द्या."

बारक्या